आमच्यामागे याचे कोण?



या पानावर आपण एरवी तुरीवरची अळी, गाभण म्हशीचा खुराक, लहान लेकरांची हगवण अशा गोष्टी बोलतो. आज जरा निराळा विषय घेतला आहे. तो बोलावयास अवघड आहे, आणि म्हणूनच त्यावर बोलले पाहिजे.

औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या आपल्या सीमाभागातल्या खेड्यांत आम्ही घरभेटीला जातो. ओसरीवर चहा होतो, पीकपाण्याची चौकशी होते, मुलाबाळांची नावे सांगितली जातात. थोरला शेती बघतो, मधला हैदराबादला कामाला आहे, मुलगी सासरी सुखात आहे. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज येतो. घरधनी मान खाली घालतो, माउली पदर सावरीत आत जाते. तेव्हा कळते की तीन लेकरांची नावे सांगून झाली, चौथ्याचे राहून गेले. "ते जरा भोळं आहे," असे मग कोणीतरी हळूच सांगतो.

निघताना तीच माउली दारापर्यंत येते आणि एकच गोष्ट विचारते. "आम्ही आहोत तोवर करू. आमच्यामागे याचे कोण?"

या प्रश्नाला "देव आहे" एवढेच उत्तर देऊन पुढच्या घरी जाणे सोपे आहे. आम्हीही ते कधीकधी केले आहे, हे कबूल करतो. परंतु देवाने शेजारी दिले आहेत, भाऊबंद दिले आहेत, कायदा आहे, शिकविणारी माणसे आहेत. यांतले कोणीच त्या दाराशी पोहोचत नाही, तेव्हा दोष देवाचा नव्हे, आपला आहे. घरची काळजी म्हणजे एकट्या आईची काळजी नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेच आज मांडतो.

हे वेड नव्हे

पूर्वी अशा माणसाला 'मतिमंद' म्हणत. आम्हीही तोच शब्द वापरीत होतो. आता 'बौद्धिक अक्षमता' म्हणतात. शब्द बदलल्याने सारे बदलत नाही, पण ज्या शब्दाची शिवी झाली तो टाकून देणेच बरे.

वेड ही गोष्ट वेगळी. चांगल्या चालत्या-बोलत्या माणसाचे मन बिघडते तो मनाचा आजार, आणि औषधाने तो बरा होऊ शकतो. बौद्धिक अक्षमतेत मुळात समज आणि रोजचे व्यवहार यांची वाढच हळू होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही ही दोन्ही वेगळी मानली आहेत. म्हणून अशा लेकराला वेड्याचे औषध, टॉनिक, ताईत, गंडा यांनी 'नीट' करू पाहणे व्यर्थ आहे. कोणी खात्रीने बरे करतो म्हणून पैसे मागत असेल तर त्याला वाट दाखवा. एकेका घरची म्हैस अशा 'इलाजा'पायी विकली गेलेली आम्ही पाहिली आहे.

तसेच, ज्या मुलाला बाकी सारे समजते पण वाचन-लेखन तेवढे जमत नाही, त्याची अडचण आणखी निराळी. त्याला या यादीत घालू नका आणि 'ढ' म्हणून मारूही नका.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १५ लाख माणसे या प्रकारात नोंदली गेली. आतल्या खोलीतली किती मोजली गेली असतील, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या गावावरून करावा.

दोष कोणाचा?

कोणाचाही नाही. आईने ग्रहणात सुरी धरली, कोणाची नजर लागली, वाडवडिलांचे पाप फिटले, हे सारे खोटे. काही लेकरांत जन्मापूर्वीच पेशीतल्या गुणसूत्रांत फरक असतो. १९५९ साली फ्रान्समध्ये डॉ. जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की 'डाऊन सिंड्रोम' असलेल्या लेकरांत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात. त्यात आईची काही चूक नसते. काहींना बाळंतपणात मेंदूला प्राणवायू कमी पडतो, काहींना जन्मानंतर कावीळ वाढते, काहींना मेंदूज्वर होतो. पुष्कळदा कारण सापडतही नाही.

जे टाळता येते ते मात्र टाळावे. आयोडीनयुक्त मीठच वापरावे. गरोदरपणी तपासण्या व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चुकवू नयेत. बाळंतपण दवाखान्यात करावे. बाळ जन्मताच रडले नाही, पिवळे पडले, दूध ओढीना, तर वाट पाहू नये. मामा-भाचीचे व आते-मामे भावंडांचे लग्न आपल्या भागात जुन्या रिवाजाने होते, पण काही आनुवंशिक दोषांचा धोका त्याने वाढतो. जमीन घरात राहावी म्हणून लेकरू धोक्यात घालू नये. हे आम्ही कोणाला टोचून बोलत नाही. ज्यांचे झाले आहे त्यांनी मागे वळून रडू नये. पुढच्यांनी विचार करावा.

बाळ मान धरीत नाही, वर्ष-दीड वर्षाचे होऊनही बसत नाही, बोलाविले तर बघत नाही, असे दिसले तर "उशिरा बोलेल, त्याचा बापही उशिरा बोलला" म्हणून थांबू नका. २०१३ पासून सरकारचे बालस्वास्थ्य पथक अंगणवाडीत व शाळेत तपासणीला येते. त्या दिवशी ते लेकरू घरी लपवून ठेवू नका. नेमके त्यालाच पुढे करा.

कोंडणे म्हणजे सांभाळणे नव्हे

घरोघरी दोन चुका दिसतात. एक म्हणजे दाराआड कोंडणे, क्वचित खुंट्याला बांधणेसुद्धा. दुसरी याच्या उलट. "बिचारं ते, त्याला काय कळतं," असे म्हणून वीस वर्षांच्या मुलाला आई हाताने भरविते, पाय धुते, गुंड्या लावते. पहिलीत लाज आहे, दुसरीत माया आहे, पण फळ एकच. माणूस जन्मभर तान्हाच राहतो. आईचे हात थकले की मग कोणाला काहीच सुचत नाही.

तिसरीही एक चूक सांगितली पाहिजे. "लग्न करून दिले की सुधारेल." सुधारत नाही. न सांगता लावलेल्या अशा लग्नात एका घराचे दुःख दोन घरांत जाते आणि परक्याच्या मुलीची फसवणूक होते, ती वेगळीच.

शिकते, पण टप्प्याटप्प्याने

सिकंदराबादला १९८४ पासून या विषयाची राष्ट्रीय संस्था आहे. बीदरहून ती सुमारे दीडशे किलोमीटर. पूर्वी तिला मतिमंदांसाठीची राष्ट्रीय संस्था म्हणत, आता बौद्धिक दिव्यांगांच्या सशक्तीकरणाची राष्ट्रीय संस्था म्हणतात. दात घासणे, जेवणे, कपडे घालणे, शौचाला जाणे हे घरी कसे शिकवावे, यावर आई-वडिलांसाठी तिने पुस्तिका काढल्या. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज या खेडवळ भागात १९६९ साली एक योजना निघाली. तिथे घरे दूर दूर असल्याने लेकरांना रोज शाळेत आणणे जमेना. तेव्हा शिक्षिकाच आठवड्यातून एकदा घरी जाऊ लागली. ती लेकराला कमी आणि आईला जास्त शिकवी. एक लहानसे काम नेमून द्यावयाचे, आठवडाभर आईने ते करून घ्यावयाचे. ही रीत पुढे जगभर गेली, आपल्या देशातही आली.

ती रीत शेतकऱ्याच्या भाषेत अशी. 'शेळीला पाणी पाजणे' हे आपल्याला एक काम वाटते. प्रत्यक्षात ती सहा कामे आहेत. बादली उचलणे, हौदापर्यंत जाणे, ती अर्धी भरणे, न सांडता आणणे, शेळीपुढे ठेवणे, रिकामी बादली जागेवर नेऊन ठेवणे. शिकविताना शेवटचे काम आधी द्यावे. पाच कामे तुम्ही करा, सहावे त्याचे. ते जमले की पाचवे आणि सहावे त्याचे. असे मागून पुढे यावे. काम पुरे केल्याचा आनंद मग रोज त्याच्याच वाट्याला येतो आणि तो कंटाळत नाही.

मदतही पायरीने कमी करावी. आधी हाताला हात धरून, मग नुसती खूण करून, मग शब्दाने, शेवटी काहीच नाही. जमले की लगेच शाबासकी द्यावी. शेंगदाण्याचा दाणा चालेल, पाठीवरचा हात तर त्याहून चांगला. चुकले तर चापट नको. आणि घरात सर्वांनी एकच शब्द वापरावा. आजी "बैस" म्हणते, बाप "टेक" म्हणतो, भाऊ हिंदीत सांगतो, मग त्या जिवाने काय समजावे? एक काम शिकावयास दोन महिने लागतील, कदाचित सहा. खडकाळ माळावर विहीर खणणारा माणूस चार हातांवर पाणी नाही म्हणून परत फिरत नाही.

भाषेचेही सांगतो. आपल्याकडे घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात हिंदी, सीमेवर तेलुगू. "याला एकच भाषा शिकवा, नाहीतर गोंधळेल" असे सांगणारे शहाणे भेटतात. मग आई अर्धवट कन्नडात बोलू लागते आणि लेकराला आईचीही भाषा राहत नाही, शाळेचीही नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत दोन भाषांत वाढणारी मुले एका भाषेत वाढणाऱ्यांच्या मागे पडलेली दिसली नाहीत. म्हणून घरी आपली मराठीच बोला. भरपूर बोला. शाळेचे कन्नड शाळा बघेल.

शेतात त्याची जागा

शहरातल्या दोन खोल्यांत अशा माणसाला करण्याजोगे थोडेच असते. आपल्याकडे मात्र काम सांडलेले आहे. भुईमुगाच्या शेंगा फोडणे, तुरीतले खडे निवडणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, शेण गोळा करून खड्ड्यात टाकणे, परसातल्या भाजीला पाणी घालणे. ही कामे रोज एकाच रीतीने होतात, आणि ज्याला नवे लवकर समजत नाही त्याला ठरलेली रीतच आवडते. कलबुर्गीची तूरडाळ नावाजलेली आहे. तिचे पोते निवडताना आमच्या या मुलाचेही हात लागले तर बिघडले कुठे?

पण दोन अटी. काम खरे असावे, नुसते गुंतवून ठेवण्यासाठी नसावे. आणि कामाचे मोल त्याला मिळावे. त्याच्या नावाची एक शेळी असू द्या. तिचे करडू विकले तर त्या पैशांतून त्याला त्याच्या आवडीचा सदरा घेऊन द्या. घरचा फुकटचा गडी म्हणून राबविणे हा अन्याय आहे, मग राबविणारा सख्खा भाऊ का असेना.

सावधगिरीही हवी. विहिरीला कठडा करा. फवारणीची औषधे कुलपात ठेवा, रिकामे डबे पाण्यासाठी वापरू नका. कडबा कापण्याचे यंत्र आणि मळणीयंत्र यांपासून त्याला दूर ठेवा. अशा पुष्कळांना फिटही येते. फिट आली तर कुशीवर निजवा, डोक्याखाली मऊ काही द्या, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा. "महिनाभर आली नाही" म्हणून फिटेच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करणे तर फारच घातक. फिट येणाऱ्याला विहीर, तलाव, चूल यांपाशी एकटे सोडू नका.

डाऊन सिंड्रोम असलेल्या लेकरांत हृदयाचा दोष जवळजवळ निम्म्यांना असतो. थायरॉईड, कान, डोळे यांच्याही तक्रारी असतात. "आहेच तसे" म्हणून या गोष्टी सोडून देऊ नयेत. ऐकू न आल्यामुळे गप्प असलेले मूल अधिकच मंद समजले जाते.

मुलींविषयी

मुलींचे दुःख दुप्पट आहे. १९९४ साली पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय निवासगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली. त्यांना पाळीची स्वच्छता जमत नाही, असे कारण देण्यात आले. महिला संघटनांनी आवाज उठविला तेव्हा ते थांबले. त्यावरून आम्ही दोन धडे घेतो. एक, संस्थेत टाकले म्हणजे लेकरू सुखरूप झाले असे नव्हे. दुसरा, जे शिकविता येते त्यासाठी शरीर कापू नये. पाळीच्या वेळी कापड कसे घ्यावे, कसे बदलावे, हेही टप्प्याटप्प्याने शिकविता येते. आईने किंवा मोठ्या बहिणीने ते वय येण्याआधीच सुरुवात करावी.

आणि अंगाला कोणी हात लावला तर "नको" म्हणून ओरडावे, आईला येऊन सांगावे, हे मुलींना शिकवा, मुलांनाही शिकवा. "त्याला काय कळतं" असे समजणारे नराधम गावात असतात, कधी घरातही असतात. असे काही कळले तर अब्रूसाठी दाबू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अत्याचाराला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. बालकांसाठी २०१२ चा कायदा आणखी कडक आहे.

कागद करून ठेवा

आता थोडे कचेरीचे. कंटाळू नका, कारण "आमच्यामागे कोण" याचे अर्धे उत्तर इथे आहे.

पहिला कागद दिव्यांगाच्या ओळखपत्राचा. अर्ज संगणकावरून होतो, तपासणी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात होते. ४० टक्के किंवा अधिक अक्षमता ठरली की बहुतेक सवलती लागू होतात. मासिक वेतनाचा अर्ज नाडकचेरीत होतो. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीला ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता असतो, आणि तो स्वतः दिव्यांग असतो. आपल्या पंचायतीचा कोण आहे ते विचारा. सारे अर्ज कन्नडात असतात आणि आपली वडीलधारी माणसे मराठीत शिकलेली, म्हणून पुष्कळ जण उंबऱ्यावरूनच परत येतात. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या, म्हणून काही लेकरांचा हक्क बदलला नाही. गावातल्या कन्नड शिकलेल्या पोरांनी इथे एक तास दिला तर ते मोठे पुण्य होईल.

दुसरा कागद 'निरामय' विम्याचा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा दवाखान्याचा खर्च त्यातून मिळतो. आधीपासूनचा आजार आहे म्हणून नाकारत नाहीत. रेल्वेतही ज्याला सोबतीशिवाय प्रवास करता येत नाही अशाला व त्याच्या सोबत्याला भाड्यात मोठी सवलत आहे. सिकंदराबादला जाताना ती उपयोगी पडते.

तिसरा कागद शाळेचा. ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. लेकरू फार अधू असेल तर शिक्षकाने घरी येऊन शिकवावे, अशी सोय २०१२ पासून कायद्यात आहे. तालुक्याला त्यासाठी विशेष शिक्षक नेमलेले असतात. ते आले नाहीत तर मुख्याध्यापकांना लेखी द्या.

चौथा कागद पालकत्वाचा, आणि हा बहुतेकांना ठाऊक नसतो. मुलगा १८ वर्षांचा झाला की कायद्याने आई-बाप आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. त्या समितीत जिल्हाधिकारी (आपण डी.सी. म्हणतो ते) असतात. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावयाची आणि दरवर्षी हिशेब द्यावयाचा. नीट वागला नाही तर समिती त्याला काढू शकते. भावाच्या शब्दापेक्षा ही राखण बळकट आहे.

जमिनीचे काय?

इथे आम्ही जरा कडक बोलणार आहोत. पुष्कळ घरी बाप मरण्याआधी सारी जमीन चांगल्या मुलाच्या नावे करतो. "तो भावाला सांभाळील" एवढाच भरवसा. मुलगा सांभाळतोही. पण सून आली, नातवंडे झाली, दोन वर्षे पाऊस पडला नाही, मग त्या भरवशाला तडा जातो. कधी अज्ञान जिवाचा अंगठा कागदावर उमटवून त्याचे नाव पहाणीतून काढले जाते.

आपणा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलामुलींना सारखे. त्यात भोळे लेकरूही बरोबरीचे वारस आहे. ज्याला व्यवहाराचा अर्थ कळत नाही त्याने केलेला करार १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे टिकत नाही. म्हणून अंगठा घेणाऱ्याने दोनदा विचार करावा.

आमचा सल्ला असा. बापाने धडधाकट असतानाच दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावे. त्यात या लेकराच्या राहण्याची खोली, त्याच्या वाट्याचे उत्पन्न आणि त्यावर देखरेख करणारी दोन माणसे स्पष्ट लिहावीत. देखरेख करणारा आणि जमीन कसणारा एकच नसावा. वकिलाची फी जाईल, पण एका पोत्याच्या तुरीत ते काम होईल. हे भावावर अविश्वास दाखविणे नव्हे. चांगल्या भावालाही त्याने आधार मिळतो, कारण उद्या त्याच्या घरात तंटा झाला तर तो कागद पुढे करू शकतो.

हे आज अधिक गरजेचे का झाले? कारण ही माणसे आता जास्त जगतात. श्रीमंत देशांत १९८० च्या सुमारास डाऊन सिंड्रोमचा माणूस सरासरी पंचवीस वर्षे जगे, आता साठीपर्यंत पोहोचतो. आपल्याकडेही औषधपाणी वाढले तसे लेकरू आई-बापांच्या पश्चात उरू लागले आहे. पूर्वी हा प्रश्न मरण सोडवी. आता आपण सोडवावयाचा आहे.

एका गावाची गोष्ट

बेल्जियममध्ये गील नावाचे गाव आहे. तिथे संत दिम्फ्ना हिच्या नावाचे देऊळ आहे. मध्ययुगात मनाने आजारी आणि बुद्धीने अधू माणसांना घेऊन यात्रेकरू तिथे येत. देवळात जागा पुरेना, तेव्हा गावच्या शेतकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतले. काही परत गेले नाहीत. ते त्या घरचेच होऊन राहिले, शेतात काम करू लागले, पोरांना खेळवू लागले. ही रीत शतकानुशतके चालली. १९३८ साली त्या एका गावात ३,७०० हून अधिक माणसे अशी परक्या घरांत राहत होती. आता संख्या पुष्कळ कमी झाली आहे, पण रीत मोडलेली नाही. २०२३ साली युनेस्कोनेही तिची नोंद घेतली. त्यांना रुग्ण म्हणत नाहीत, घरी राहणारा माणूस म्हणतात.

परंतु एक गोष्ट विसरू नका. गीलचे शेतकरी काही एकट्याच्या बळावर हे करीत नव्हते. घराला सरकारकडून भत्ता मिळतो, मागे इस्पितळ उभे असते, परिचारिका घरी येऊन जाते. आपल्या २०१६ च्या कायद्यातही, ज्यांना फार आधार लागतो त्यांची काळजी घेणाऱ्यांच्या भत्त्याचा उल्लेख आहे. तो भत्ता बौद्धिक अक्षम माणसांच्या आयांपर्यंत पोहोचला पाहिजे, ही मागणी आपण आमदारांकडे, जिल्हा पंचायतीकडे सतत केली पाहिजे. रात्रंदिवस राबणाऱ्या आईला "तुझी माया थोर" म्हणून हात झटकणे हे सरकारला शोभत नाही, आपल्यालाही नाही.

आपण काय करावे?

सरकारची वाट पाहता पाहता आपल्या हातचे तरी करू या. प्रत्येक गावात अशी घरे किती ते मोजा. पाचच असतील, पण मोजा. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर त्या आई-बापांना एकत्र बसू द्या. एकीला शौचाची सवय कशी लावली ते कळले असते, दुसरीला फिटेच्या चांगल्या डॉक्टरचे नाव ठाऊक असते. सल्ला देणाऱ्यांनी तिथे थोडे कमी बोलावे.

दुसरे, माउलीला सुट्टी द्या. आठवड्यातून एक दुपार शेजारच्या घराने त्या लेकराला आपल्याकडे बसवावे. तेवढ्यात ती माहेरी जाऊन येईल, नाहीतर नुसती झोपेल. वीस वर्षांत जिने दुपारची झोप घेतली नाही तिला ती झोप म्हणजे काय, हे तिलाच विचारा.

तिसरे, ते मिस्साला आले आणि मध्येच ओरडले, तर मागे वळून बघू नका. गाणे सुरू झाले की ते टाळ्या वाजविते, वेळ चुकते एवढेच. त्याला बाहेर न्या म्हणून खूण करणाऱ्या हाताने घरच्यांना पुढच्या वर्षभरासाठी देवळाबाहेर काढलेले असते.

चौथे, लग्नकार्याचे आमंत्रण देताना "सगळ्यांनी या" म्हणा आणि त्याचेही नाव घ्या.

असो. पुढच्या वेळी घरभेटीला आलो म्हणजे ओसरीवर चहा होईल, पावसाच्या गोष्टी होतील, आणि तुम्ही लेकरांची नावे सांगाल. त्या वेळी चारही नावे सांगा. चौथे आतून ओरडले तर त्याला बाहेर बोलवा. आम्ही त्याच्याशी बोलू. त्याने शेळीला पाणी पाजले का ते विचारू, आणि त्याला उत्तर द्यायला वेळ लागला तर थांबू. आम्हाला कुठे घाई आहे?